खुर्चीवरून कोण उठतं, तिथून विनोदी मालिका लिहायला घ्या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. चार मित्र मिळून मोबाइलवर गावाकडची विनोदी मालिका करणार आहेत, वीस-वीस मिनिटांचे भाग. पण लिहायला बसले की वाद होतो. एकाचं म्हणणं, दूरदर्शनच्या जुन्या विनोदी मालिका निखळ होत्या, त्यांत राजकारण नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांना आवडल्या. आपणही राजकारण आणू नये. दुसरा म्हणतो, कापूस, धान, कर्ज आणि मजुरी वगळली तर गावावर लिहायला उरतं काय? जुन्या मालिका खरंच राजकारणापासून लांब होत्या का आणि आम्ही काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटकं लिहितो आणि बसवतो. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस लागले की आमचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. एवढा वेळ थंडीत माणूस बसवून ठेवायचा तर विनोदी पात्र भक्कम लागतं, आणि ते लिहिणं हे माझं मुख्य काम. टीव्हीसाठी मी लिहिलेलं नाही. पण जुन्या मालिका मी वही घेऊन पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की दाराचे सांधे बघतो, तसं हे बघणं.

आधी हे सांगतो की माझं अर्धं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमची मालिका गावातलेच लोक बघणार की पुण्या-मुंबईचे, पैसा कोण लावणार, तुम्हा चौघांपैकी कोणाच्या घरी शेती आहे आणि कोणाच्या घरचे दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला (रोपं लावायला) जातात, चौघं एकाच मोहल्ल्यातले आहात की गावाच्या दोन टोकांचे, हे मला माहीत नाही. या गोष्टी बदलल्या की तोच विनोद बदलतो. त्यामुळे मी नियम सांगत नाही, माझ्या कामात काय घडलं ते सांगतो.

तुमच्या वादात राजकारण म्हणजे पुढारी, पक्ष आणि निवडणूक असं धरलेलं दिसतं. तसं धरलं तर जुन्या बहुतेक मालिकांत ते नव्हतंच, आणि तुमचा पहिला मित्र बरोबर ठरतो. पण प्रेक्षक विनोदी मालिका बघतो तेव्हा त्याला पुढारी दिसो न दिसो, घर दिसतं. त्या घरात किती खोल्या आहेत, दार कोण उघडतं, चहा कोण आणतं, बेकार माणसाला दोन वेळचं जेवण कुठून मिळतं, हे सगळं न सांगता दिसत असतं. 1984 ची ‘ये जो है जिंदगी’ आठवा. शरद जोशींचं लेखन, शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, आणि दर भागात नवी भूमिका करणारे सतीश शाह. त्यातला मेहुणा नोकरी शोधत हिंडतो, आणि त्याची बेकारी आपल्याला हसवते. ती हसवू शकते, कारण बहिणीच्या घरी त्याच्यापुढे ताट येणार याची खात्री आहे. तोच पोरगा आमच्याकडच्या अल्पभूधारकाच्या घरात आणून बसवा. बेकारी तीच राहील, पण हसू तेवढं सोपं राहणार नाही. एकही राजकीय वाक्य न बोलता त्या मालिकेने सांगून टाकलं की हे घर कोणाचं आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. सिटकॉम म्हणतात त्या प्रकाराचा एक पक्का नियम आहे. भाग संपताना सगळं जिथल्या तिथे येतं. गैरसमज होतो, धावपळ होते, फजिती होते, आणि पुढच्या आठवड्यात माणसं त्याच सोफ्यावर पुन्हा कोरी होऊन बसलेली असतात. हा नियम कुठून आला, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते तो पगारदाराच्या जगण्याला बेतून शिवलेला आहे. पगारदाराचा महिना एक तारखेला नवा होतो. पंचवीस तारखेला कितीही ओढ असली तरी एक तारीख येते. चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते घरोघरी नेले, ते या जगातले. 1988 ची ‘वागळे की दुनिया’, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली, तीही या जगातली. अंजन श्रीवास्तव यांचा वागळे खिसा चाचपतो तेव्हा आपण मोकळेपणाने हसतो, कारण हा खिसा पुन्हा भरणार आहे. 2001 चे गंगाधर टिपरे तर निवृत्तीनंतरही निश्चिंत आहेत. या मालिका मला मनापासून आवडतात. टिपऱ्यांच्या घरातला जिव्हाळा मी आजही नव्या नटांना दाखवतो. पण त्यांचं घड्याळ पगाराचं आहे, हे लिहिणाऱ्याने ओळखलं पाहिजे.

गावात किती घड्याळं आहेत बघा. शिक्षक, ग्रामसेवक आणि बँकेचा शिपाई यांचं एक तारखेचं. मजुराचं रोजचं. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. धानवाल्याचा हिशेब धान विकल्यावर होतो, आणि पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा मार्चअखेर. त्या मार्चअखेरीला गावात काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. कोणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणायचे, सोसायटीचं कर्ज भरायचं, नवं कर्ज उचलायचं आणि ज्याचे त्याला परत द्यायचे. याला आपण ‘नवं-जुनं’ करणं म्हणतो. कागदावर सगळं कोरं होतं, घरी तेवढंच राहतं. सिटकॉमचा नियम आणि गावाचा हिशेब यांच्यात जी फट आहे, ती या शब्दात पकडली आहे. तुमच्या मालिकेचं राजकारण या फटीत आहे, भाषणात नाही. तुम्ही दर भागाच्या शेवटी सगळं कोरं केलंत, तर कर्ज हे फजितीसारखं येतं आणि जातं, असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला तसं म्हणायचं नसलं तरी प्रेक्षकापर्यंत ते पोचतं.

मग जुन्या मालिकांत कोणी दुसरं घड्याळ लावलं का? लावलं. 1986 मध्ये ‘नुक्कड’ आली. सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांची. गुरू इलेक्ट्रिशियन, हरी सायकल दुरुस्तीवाला, घरकाम करणारी राधा, घनशू भिकारी, दारू पिणारा खोपडी, कादरभाईचं हॉटेल. या लोकांना एक तारीखच नाही, त्यांचा रोज हा रोजच्या रोज संपतो. म्हणून त्या मालिकेला घरातली बैठक चालली नसती. तिने रस्त्याचा कोपरा घेतला, जिथे कोणाचीच मालकी नाही आणि येणारा-जाणारा प्रत्येक वर्ग थांबतो. ही फार मोठी कारागिरी आहे. नेपथ्य बदलल्याबरोबर माणसं बदलली, आणि माणसं बदलल्यावर विनोदाचं वजन बदललं. त्याच कुंदन शाह यांनी दोन वर्षांनी ‘वागळे’ केली, म्हणजे दोन्ही घड्याळं त्यांच्या हाताला होती.

‘नुक्कड’ मी जिथे पाहिली ती जागाही सांगण्यासारखी आहे. पवनीच्या बाजूचं आमचं गाव, वैनगंगेच्या काठचं. गावात एकच टीव्ही, तो पाटलांच्या वाड्यात. उंच बांबूवर अँटेना, नागपूरचं केंद्र कसंबसं धरायचा. घरची मंडळी खाटेवर, आम्ही शेतकऱ्यांची पोरं खाली सारवलेल्या जमिनीवर, आणि टोलीतली, म्हणजे मजुरांच्या वस्तीतली, पोरं ओसरीच्या बाहेर, खिडकीच्या गजांना धरून. गजांमधून बघणाऱ्या त्या पोरांतला एक माझा वर्गमित्र होता. त्याच्या बापाची सायकल दुरुस्तीची पेटी बाजाराच्या दिवशी चिंचेखाली लागायची. पडद्यावर हरी पंक्चर काढायला बसला की तो बाहेरून ओरडायचा, “आमचा बाबा असाच बसते!” त्याला ती मालिका आमच्यापेक्षा जास्त कळायची. आत बसलेल्यांपैकी कोणीही त्याला आत बोलावलं नाही. मीही नाही. आजही कुठलीही विनोदी मालिका पाहताना मला तो गज आठवतो, आणि हा विनोद गजाच्या कोणत्या बाजूने लिहिला आहे, हे मी आधी तपासतो.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण देतो, कारण पैसा आणि प्रेक्षक यांचा संबंध तिथे उघडा दिसतो. अमेरिकेत सीबीएस या वाहिनीवर साठच्या दशकात गावाकडच्या विनोदी मालिका जोरात होत्या, ‘बेव्हर्ली हिलबिलीज’, ‘ग्रीन एकर्स’ अशा. 1971 मध्ये वाहिनीने त्या बंद केल्या. बघणारे अजूनही भरपूर होते, पण जाहिरातदारांना शहरातला, तरुण, खर्च करणारा प्रेक्षक हवा होता. गावातला आणि वयस्क प्रेक्षक मोजणीत होता, हिशेबात नव्हता. त्याच वर्षी त्याच वाहिनीवर नॉर्मन लिअर यांची ‘ऑल इन द फॅमिली’ आली. मूळ कल्पना ब्रिटनच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेची. आर्ची बंकर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, मालाच्या धक्क्यावर काम करणारा माणूस. काळ्यांबद्दल, ज्यूंबद्दल, बायकांबद्दल वाटेल ते बोलतो, आणि शिकलेला जावई त्याच्याशी भांडतो. त्या घरात आर्चीची एक ठरलेली खुर्ची होती, दुसरा कोणी तिच्यावर बसला तर त्याला उठावं लागायचं. ती खुर्ची पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली.

लिअर यांचा हेतू आर्चीचे पूर्वग्रह उघडे पाडण्याचा होता. पण 1974 मध्ये विडमार आणि रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की ज्यांच्या मनात आधीच तसे पूर्वग्रह होते, त्यांना आर्चीच पटत होता आणि भांडणात तोच जिंकतो असं वाटत होतं. प्रसंग एकच, हसणारे दोन्हीकडचे, पण हसण्याची कारणं उलट. तुम्ही गावात जातीवर किंवा बायकांवर बोलणारं पात्र लिहाल, तेव्हा हे ध्यानात ठेवा. “आम्ही तर त्याची टिंगल केली” एवढ्याने सुटका होत नाही. त्या बोलण्याची किंमत कोण भोगतं, ते त्याच प्रसंगात दिसायला हवं.

हे मी स्वतः चुकून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या माझ्या एका नाटकात पाटील, डॉक्टर आणि नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलायचे, आणि झाडीबोली, आमच्या भागातली बोली, फक्त गड्याच्या तोंडी होती. “मले काय मालूम जी” म्हटलं की हशा. नाटक चाललं, पुष्कळ प्रयोग झाले. गडचिरोलीकडच्या एका गावात पहाटे प्रयोग संपल्यावर आम्ही सामान भरत होतो. एक बाई आली, साठीची असेल, डोक्यावरून पदर, हातात बसायला आणलेलं पोतं. म्हणाली, “नाटक बेस झालं जी. पन एक सांगा, आमच्या गावचा पाटील तं आमच्यासारखाच बोलते. तुमचा पाटील कोनत्या गावचा हाय?” ती तक्रार करत नव्हती, तिला खरोखर माहिती हवी होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या हंगामात मी पाटलाची सगळी वाक्यं झाडीबोलीत आणली. गड्याच्या बोलीवरचा हशा त्याच रात्री बंद झाला, आणि मग मला कळलं की त्या पात्राला मी खरा विनोद दिलाच नव्हता. ते पात्र मला नव्याने लिहावं लागलं. आता तो गडी चलाख आहे, मालकाचा हिशेब तोंडी ठेवतो आणि पाडव्याच्या आदल्या रात्री मालकालाच त्याचा चुकलेला आकडा दाखवून देतो. त्या प्रसंगाला येणारा हशा मागच्या रांगांतून सुरू होतो आणि पुढे येतो.

वऱ्हाडी असो की झाडीबोली, शहरी मालिकांनी आपली बोली बहुतेक वेळा हसण्यापुरती वापरली. तुम्ही ती सगळ्यांच्या तोंडी द्या. सरपंच, मास्तर, दवाखान्यातली सिस्टर, सगळे. मग बोलीवर हसता येणार नाही, माणसावर हसावं लागेल.

पक्षांची नावं घ्यावीत का? मी घेत नाही, आणि त्यामागे भीती नाही. पक्षाचं नाव उच्चारलं की प्रेक्षक पात्राकडे बघायचं सोडून शेजाऱ्याकडे बघतो, आणि पुढची दहा मिनिटं माझ्या हातून जातात. पण सत्ता मात्र मी दर प्रसंगात ठेवतो. 2001 च्या ‘ऑफिस ऑफिस’ने हे छान साधलं होतं. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर भागात वेगळ्या कचेरीत जातो, आणि समोर टेबलाशी तेच चेहरे असतात. नट तेच ठेवून व्यवस्था तीच आहे, हे त्यांनी एका शब्दाशिवाय सांगितलं. माझी एकच तक्रार आहे, राग टेबलावरच्या माणसापाशीच थांबतो. आपल्या गावात टेबलावरचा पोरगा स्वतःच कंत्राटी असतो, त्याचाही पगार अडकलेला असतो. त्याच्या मागे कोण, हे दाखवायला तुम्हाला जागा आहे.

इथवरचं थोडक्यात असं: नेपथ्य ठरवताना वर्ग ठरतो, भागाचा शेवट ठरवताना हिशेब ठरतो, आणि बोली वाटताना हसं कोणाचं होणार ते ठरतं. आता तुमच्या मालिकेकडे येतो.

जागा म्हणून चावडी किंवा पाटलाचा वाडा घेऊ नका. मी आज लिहिली असती तर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान घेतलं असतं, शेजारी पानठेला. सातबारा, ई-केवायसी, पीकविमा, पोरांचे फॉर्म, निराधारचे पैसे, सगळ्या गावाला तिथे यावं लागतं. दुकानात खुर्च्या दोनच ठेवा. एक दुकानवाल्याची, एक गिऱ्हाइकाची. त्या दुसऱ्या खुर्चीवर कोण बसलं आहे आणि कोण आल्यावर ते उठतं, एवढ्यावर पहिला भाग होतो. पाटील आला की शेतकरी उठतो. सरपंचबाई आणि तिचा नवरा एकत्र आले की बाईच उभी राहते, पदावर ती असूनही. शाळेचे गुरुजी आले की कोणीतरी दुपट्ट्याने खुर्ची पुसतं. मजूर बाई येते तेव्हा खुर्ची रिकामी असते, तरी ती भिंतीला टेकून उकिडवी बसते. कोणी काही बोलायची गरज नाही. कॅमेरा खुर्चीवर ठेवा.

त्या दुकानातला एक प्रसंग मी नाटकात केला आहे, तो तुम्ही खुशाल घ्या. रोवणीवरून आलेली बाई अंगठा लावते, मशीन घेत नाही. पोरगा म्हणतो, पुसा. ती लुगड्याला पुसते. पुन्हा नाही. तो म्हणतो, थोडं तेल लावा. ती केसांवरून अंगठा फिरवते. नाही. मग दहाही बोटं एकामागून एक. आमच्या प्रयोगात इथे लोक हसून हसून लोळायचे. शेवटी ती अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघते आणि म्हणते, “रेघाच नाई राह्यल्या बापा, सगळ्या बांधीत गेल्या.” हसू थांबत नाही, पण त्याचा आवाज बदलतो. दुसऱ्या पात्राने इथे एकही वाक्य बोलू नये. मी एकदा गुरुजींच्या तोंडी चार वाक्यं घातली होती, कष्टकऱ्यांबद्दल. दुसऱ्याच प्रयोगाला काढली, प्रेक्षक तेवढ्यात चहाला उठत होते.

आणि उधारीची वही. पानठेल्यावर ती टांगलेली असतेच. तिला तुमच्या मालिकेचं कायमचं पात्र करा. भागातली फजिती मिटू द्या, भांडण मिटू द्या, माणसं जिथल्या तिथे येऊ द्या, प्रेक्षकाला तो दिलासा हवा असतो आणि तो त्याचा हक्क आहे. फक्त शेवटी वहीचं पान दाखवा. पहिल्या भागात 140 असेल, तर दुसऱ्यात 185. आकडा पुढे जाईल. धान खरेदी केंद्रावरचा भाग करा, जिथे बारदाना, म्हणजे पोती, संपलाय आणि ओलावा 17 टक्क्यांच्या वर दाखवतो म्हणून माल परत जातोय. दोन शेतकरी एकाच ढिगातला धान वेगवेगळ्या वेळी नेतात आणि दोन आकडे येतात, त्यात भरपूर धमाल आहे. त्या भागानंतर वहीचा आकडा एकदम चढेल, आणि का चढला ते कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. धान विकला गेला की एक दिवस पान फाडलं जाईल, आणि दुसऱ्या दिवशी नव्या पानावर तेच नाव येईल.

पैसा लावणारा मिळाला आणि तो म्हणाला की वही काढा, उदास वाटते, तर काय करायचं, हे तुम्ही चौघांनी आत्ताच ठरवून ठेवा. तेव्हा ठरवायला वेळ नसतो.

पहिल्या दोन भागांची संहिता लिहून झाली की आधी गावात वाचा. वाचन देवळाच्या पारावर नको, टोलीत करा, संध्याकाळी मजूर परत आल्यावर. तिथे कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात, त्यावर पेन्सिलने खुणा करा. मग वाटलं तर मला पाठवा. मंडईच्या आधी पाठवलंत तर बरं, एकदा प्रयोग लागले की होळीपर्यंत मी रात्री घरी नसतो.